दुपारी दोनचा तक्ता

मोठा भूकंप झाला तर किती माणसं मरतील, किती जखमी होतील, किती बेघर होतील आणि एकंदर किती कोटींचं नुकसान होईल, हे आधीच काढून ठेवायचं काम आमची कंपनी करते. ऑफिस इकडे कानडी मुलखात, महादेवपुऱ्यात आहे. जमीन किती हलेल ते शिकलेले लोक काढतात. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. माझ्याकडे घरं आणि घरांतली माणसं. कुठल्या वॉर्डात दगडमातीची घरं किती, विटांची किती, सिमेंटच्या खांबांवरची किती, आणि कोणत्या वेळेला त्यांत किती माणसं असतात, हे तक्ते माझे. त्यांच्याखाली माझी सही असते.

भूकंप किती वाजता होईल ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून आम्ही तीन वेळा धरतो. रात्री दोन, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा. रात्री दोनला सगळे घरात. दुपारी दोनला माणसं ऑफिसात, शाळेत, बाजारात. दुपारच्या तक्त्यात राहत्या घरांसमोर मी पंचवीस लिहितो. म्हणजे रात्री शंभर माणसं असतील त्या घरांत दुपारी पंचवीस. आठ वर्षं हाच आकडा लिहिला.

जूनमधल्या एका बुधवारी डोंगरातल्या एका शहराच्या कामाची मीटिंग होती. आमचे प्रमुख रघुपती एकेक रकाना वाचत होते. त्यांनी विचारलं, दत्ताजी, दुपारी दोन, राहती घरं? मी म्हणालो, पंचवीस. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. माझ्या बायकोचा, वासंतीचा होता. मी तो काढून बघितला आणि कट केला. ती दिवसा सहसा फोन करत नसे, पण त्या आठवड्यात गीझर बिघडला होता. त्याचा माणूस आला असेल असं मला वाटलं.

मीटिंग संपल्यावर, वीसेक मिनिटांनी, मी फोन केला. उचलला नाही. तीनदा केला. मग खाली सिक्युरिटीला केला. ती स्वयंपाकघरात सापडली. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव झाला, त्यातच गेली. वीस मिनिटं आधी कळलं असतं तर फरक पडला असता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. पडला नसता असं ते म्हणाले असते तरी मी विश्वास ठेवला नसता.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवता जेवता उठतो. टीव्ही लावतो, बंद करतो. घराजवळ सर्जापूर रोडला चालायला फूटपाथ नाही, तरी गाड्यांच्या कडेकडेने चालत राहतो. अद्वैत, आमचा मुलगा, पुण्यात असतो. रोज फोन करून म्हणतो, बाबा, इकडे या. मी म्हणतो, रिपोर्ट द्यायचा आहे.

रिपोर्ट द्यायचा होता हे खरं होतं. पण मला वेगळंच काही सतावत होतं. वासंतीला खाली आणलं तेव्हा साडेतीन वाजले असतील. कामाचा दिवस. आणि आमच्या इमारतीची लॉबी बायकांनी, म्हाताऱ्या माणसांनी, कडेवरच्या मुलांनी भरली होती. काही बाया हातातलं काम टाकून आल्या होत्या, हाताला पीठ होतं. मी तिथे उभा होतो आणि माझ्या मनात आलं, एवढी माणसं कुठून आली? त्या वेळी असा विचार यायला नको होता. आला.

आमच्या इमारतीत शहाण्णव फ्लॅट, तीनशे दहा माणसं. पंचवीस टक्क्यांनी अठ्ठ्याहत्तर होतात. लॉबीतच तेवढी होती. वर किती राहिली असतील कोण जाणे.

या आकड्याने काय होतं ते सांगतो. भूकंपानंतर पहिले काही तास फोन चालत नाहीत. कुठे किती जण दबलेत ते कोणाला माहीत नसतं. त्या डोंगरातल्या शहराकडे बचावाची पाच पथकं आहेत. ती आमच्या यादीप्रमाणे जाणार. भूकंप दुपारी झाला तर यादीत आधी बाजार, मग शाळा, मग कचेऱ्या, आणि वस्तीच्या उतारावरच्या गल्ल्या सहाव्या नंबरापासून पुढे. गल्ल्या सहाव्या कशामुळे, तर माझ्या पंचवीसमुळे. ऑक्टोबरमध्ये एकदा सगळे जेवायला गेल्यावर मी पंचवीसच्या जागी पन्नास घालून बघितलं. दुपारचे मृत तीन हजार आठशे होते, ते सात हजार शंभर झाले. गल्ल्या दुसऱ्या नंबरावर आल्या.

शेवटची सही पुढच्या शुक्रवारी होती. नऊ दिवस होते. त्याआधी आकडा बरोबर आहे की नाही हे मला कळायला हवं होतं. सही झाली की यादी छापली जाणार होती.

दुसऱ्या दिवसापासून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लागलो. दुपारी दोनला आमच्याच इमारतीत ए ब्लॉकपासून बेल वाजवत निघालो. हातात कागद, त्यावर एकच प्रश्न. आत्ता या क्षणी या घरात किती माणसं आहेत?

सोपं नव्हतं. मी दारात दिसलो की लोक मला आत बसवायचे, पाणी द्यायचे, जेवलात का विचारायचे. वासंतीबद्दल बोलायचे. एका घरात चाळीस मिनिटं गेली. बी ब्लॉकमध्ये नागपूरची श्वेता राहते, आयटीत आहे. कानाला हेडफोन लावून तिने दार उघडलं. मी विचारलं किती जण आहेत. ती म्हणाली, "काका, मीसुद्धा घरी नाहीये. मी ऑफिसात आहे. फक्त पाय घरी आहेत." आणि हसली. मग म्हणाली, एक लिहा. तिच्या मागे सासूबाई भाजी निवडत होत्या, त्या सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्या होत्या. एक बाई बाळाला झोपवत होती. मी चार लिहिले. श्वेताने कागदात डोकावून पाहिलं.

घरोघरी हेच. स्वयंपाकाची बाई, बाळाला सांभाळणारी, फरशी पुसणारी, कोणी मोजतच नव्हतं. आमच्या तक्त्यातही त्या दुपारी कुठेच नसतात. रात्री त्या आपापल्या घरी मोजलेल्या असतात आणि सकाळी तिथून वजा होतात. पुढे कुठे मिळवायच्या हे कोणी लिहिलेलं नाही. मग मी दाराबाहेरच्या चपलाही बघायला लागलो. चपला तीन आणि उत्तर एक असेल तर पुन्हा विचारायचो.

कोणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की एक गृहस्थ दुपारी बेल वाजवत फिरतात, परवानगी घेतली आहे का. सेक्रेटरी हयवदन यांचा फोन आला. ते इथलेच, उडुपीकडचे. हिंदीत म्हणाले, दत्ता सर, असं करायच्या आधी नोटीस लावायची असते, तुम्हाला तर माहीत आहे. मी सॉरी म्हणालो. मग ते म्हणाले, माझी आई घरी असते, तिला धरलंत ना? धरलं होतं.

बुधवारपर्यंत डी ब्लॉकचा एक मजला सोडून सगळी इमारत झाली. एकशे साठ माणसं. तीनशे दहातली अर्ध्याहून जास्त. पण एका इमारतीचा आकडा घेऊन रघुपतींकडे गेलो असतो तर ते काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं. सर्जापूर रोडच्या फ्लॅटवरून डोंगरातल्या दगडी घरांचं कसं सांगणार? मीही तेच म्हणालो असतो. माझे पंचवीस हवेतून आले नव्हते. आठ वर्षांपूर्वी पुण्यात आणि आसपास अकराशे सेहेचाळीस घरांचा सर्व्हे करून मी ते काढले होते. दारं मीच ठोठावली होती, तक्ताही मीच केला होता.

शेवटचं दार वसुमती अक्कांचं. ही इथली जुनी मराठी माणसं, तीनशे-चारशे वर्षांपासूनची. सगळं आयुष्य शहराच्या जुन्या भागात, मल्लेश्वरममध्ये गेलं, आता मुलाने इकडे आणलंय. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असतं, ठीक आहे म्हणायला त्या सरी म्हणतात. वासंती त्यांच्या बोलण्याला हसायची आणि त्या वासंतीच्या.

मी बेल वाजवली. साखळी न काढता त्यांनी दार थोडं उघडलं. चष्मा नव्हता, मला ओळखलं नाही.

"कोण पाहिजे? घरी कोणी नाही हो अण्णा. मुलगा सहाला येतो. संध्याकाळी या, सरी?"

मी म्हणालो, अक्का, मी दत्ता. त्यांनी साखळी काढली, या या म्हणाल्या. पण मी तिथेच उभा राहिलो. मुलगा संध्याकाळी येतो, साहेब घरी नाहीत, हे घरी नाहीत, नंतर या. पुण्यातल्या सर्व्हेत मी हे शेकडो दारांत ऐकलं होतं. आणि ऐकून फॉर्मवर काय लिहिलं होतं ते मला उभ्या उभ्या आठवलं. मी तीन लिहिलं होतं.

फॉर्मवर दुपारच्या भेटीसाठी एक चौकट होती. माहिती मिळाली तर एक. कुलूप असेल तर दोन. कुटुंबप्रमुख घरी नसेल तर तीन, आणि संध्याकाळी परत जायचं. माहिती प्रमुखाकडूनच घ्यायची ही मला किल्लारीपासूनची सवय. त्या भूकंपानंतर पडलेली घरं मोजायची ती माझी पहिली नोकरी. तिथेही यादीत प्रमुखाचं नाव आणि पुढे "व इतर चार" असंच असायचं. तर पुण्यात मी संध्याकाळी परत जायचो, प्रमुख सगळं सांगायचे. भिंती, छप्पर, घर किती साली बांधलं, माणसं किती. आणि पुढे तक्ता करताना दोन आणि तीन मी एकाच रांगेत टाकले. दोन्हींत दुपारची खेप फुकट गेलेली. दोन्हींसमोर शून्य माणसं. जिने दार उघडून मला नंतर या सांगितलं, तीही शून्यात.

अक्कांनी मला ओढूनच आत बसवलं. "स्वल्प मज्जिगे घ्या," म्हणाल्या आणि ताक आणलं. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. वासंती रोज अडीचला त्यांच्याकडे यायची. अक्का मराठी बोलतात पण वाचता येत नाही, शाळा सगळी कानडीत. वासंती त्यांना वाचायला शिकवत होती. कुठूनतरी शाळेची पुस्तकं आणली होती. तिसरीचं झालं होतं.

"आता चौथीचं कोण सांगणार मला?" अक्का म्हणाल्या.

 सव्वीस वर्षांच्या संसारात दुपारी अडीचला ती काय करते हे मी कधी विचारलं नव्हतं. ताक संपवलं आणि रिक्षा करून थेट ऑफिसला गेलो.

भव्या अजून होती. ही आमच्याकडे आकडेवारी बघते, म्हैसूरची मुलगी, सत्तावीस वर्षांची. जुने फॉर्म स्कॅन करून ठेवलेले होते, तिने ते शोधून काढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी सगळे बघितले. सहाशे चार फॉर्मवर तीन होता. माझ्याच अक्षरात. भव्याने हिशेब केला की त्या प्रत्येक घरात दार उघडणारी एकच व्यक्ती होती असं धरलं तरी पंचवीसचे सदतीस होतात. आणि एकच असणार नाही हे दोघांनाही दिसत होतं.

तिने मला विचारलं, सर, हे आधी कधी बघावंसं वाटलं नाही? मी म्हणालो, नाही. तिने फॉर्म नीट लावून ठेवले आणि घरी गेली.

शुक्रवारी दहाला मी रघुपतींच्या केबिनमध्ये सगळं मांडलं. भव्यालाही बोलावून घेतलं होतं. रघुपती वाईट माणूस नाहीत. वासंती गेली तेव्हा तेरा दिवस मला एकही मेल आली नव्हती, सगळ्या त्यांनी अडवून ठेवल्या होत्या. त्यांनी फॉर्म चाळले. मग म्हणाले की हा तक्ता आणखी अकरा शहरांच्या रिपोर्टमध्ये गेला आहे. एक शहर बदललं की अकराही बदलावी लागतील. त्यांनी सुचवलं की पंचवीस राहू द्यावेत आणि मागे परिशिष्टात एक ओळ टाकावी, दुपारची संख्या याहून जास्त असू शकते. परिशिष्ट कोणी वाचत नाही हे त्यांनाही माहीत होतं. मी म्हणालो, मग मी सही करणार नाही.

त्यांनी फॉर्म बाजूला ठेवले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "दत्ताजी, खरं सांगा. हे तुम्ही वहिनींसाठी करताय का?"

"हो," मी म्हणालो. "पण तीन म्हणजे शून्य नाही."

त्यांनी भव्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सर, चूक आहे. मॅडम असत्या तरी चूकच असती."

रघुपतींनी घड्याळ बघितलं. साडेअकराला त्या शहराच्या आपत्ती विभागाबरोबर शेवटचा कॉल ठरलेलाच होता. ते म्हणाले, तुम्हीच सांगा त्यांना. मी मध्ये बोलणार नाही, पण सावरायलाही येणार नाही.

अर्धा तास होता. मी जिन्याने तीन मजले उतरलो आणि परत चढलो. दोनदा.

पडद्यावर देवश्री मॅडम होत्या, तिथल्या अधिकारी. अंगात स्वेटर, शेजारी फायलींचा ढीग. मी हिंदीत सांगितलं. सर्व्हे कसा केला, तीन म्हणजे काय, तक्त्यात त्याचं काय झालं, कोणी केलं. मी केलं. घरातलं काही सांगितलं नाही. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "ठीक आहे. मग पंचवीसच्या जागी किती लिहू?"

सदतीस म्हणता आलं असतं. आमच्या इमारतीचा आकडा होता. रघुपतींनी सावरायला येणार नाही म्हटलं होतं तरी वहीवर मोठ्या अक्षरात चाळीस लिहून वही माझ्याकडे वळवली. चाळीस चाललं असतं. इतकी वर्षं माझं काम तेच होतं, कोणी विचारलं की लगेच आकडा सांगायचा.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "तुमच्या गल्ल्यांतली घरं मोजल्याशिवाय कळणार नाही."

  मग त्या म्हणाल्या की डिसेंबरमध्ये पथकांची रंगीत तालीम आहे, यादी त्याआधी हवी. मोजायला किती दिवस? मी म्हणालो, चार माणसं असतील तर बारा दिवस. आणि दार जो उघडेल त्यालाच विचारायचं. मी स्वतः येईन. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या की बाहेरची माणसं कशाला, वॉर्डातल्या बचत गटाच्या बायका देते, कोणाच्या घरात दुपारी कोण असतं ते त्यांना न विचारता माहीत असतं. मी ते लिहून घेतलं. हे मला कधी सुचलं नव्हतं.

मग त्यांनी जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती. "तोपर्यंत? उद्या दुपारी झाला भूकंप तर मी पथकं कुठे पाठवू?"

मी म्हणालो, बाजारानंतर गल्ल्या. दुसऱ्या नंबरावर.

"कशाच्या आधारावर?"

"आधार नाही," मी म्हणालो. "चूक व्हायची तर या बाजूने होऊ दे."

त्यांनी काहीतरी लिहिलं. वाचून दाखवलं नाही. बारा दिवसांचं पत्र आजच पाठवा, एवढं म्हणाल्या आणि कॉल संपला.

रघुपतींनी वही मिटली. अकरा शहरांना पत्रं जातील, म्हणाले, आणि ती तुम्ही लिहाल, तुमच्या नावाने. या कामानंतर घरांचे तक्ते भव्याकडे. मी सरी म्हणालो. इथे राहून तोंडात बसलाय तो शब्द. भव्याला हे आवडलं की नाही ते कळलं नाही. ती अकरा रिपोर्ट काढायला गेली.

जागेवर येऊन बसलो. पहिल्या पत्रात लिहिलं, आमच्या तक्त्यात चूक झाली आहे. ते खोडून माझ्या हातून चूक झाली आहे असं लिहिलं. उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. भव्या म्हणाली, एकच मजकूर अकरांना चालेल, फक्त नाव बदला. मी म्हणालो, नाही चालणार. कुठल्या शहरात कुठली गल्ली यादीत किती खाली गेली होती ते प्रत्येकाला वेगळं सांगायला हवं. तिने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

पण पुढे लिहिण्याआधी मी एक गोष्ट बघितली. त्या अकरा शहरांची नावं एकेक करून भूकंपाच्या नोंदींमध्ये टाकली, गेल्या आठ वर्षांतली. दोन नावं चुकीची टाइप झाली, पुन्हा केली. काही ठिकाणी छोटे धक्के होते. भिंतींना तडे. मोठा कुठेच नव्हता, माझ्या यादीवरून पथकं अजून कुठे निघाली नव्हती. अकरावं नाव दोनदा बघितलं. मग पहिलं पत्र पुढे लिहायला घेतलं.